आवाज नेमका मोक्याच्या क्षणी जातो! होम थिएटरवाल्यांनो, मदत करा

घुमट – शनिवार, रात्री ११:४८

महिनाभर हा छळ सोसतोय. आज चिडून चित्रपट अर्ध्यावर बंद केला आणि इथे लिहायला बसलो.

सेटअप: ४के टीव्ही (नवा, गेल्याच महिन्यात घेतला), एव्ही रिसीव्हर (सगळ्यांचं चित्र-आवाज घेऊन टीव्हीला आणि स्पीकरांना देणारा), ५.१ स्पीकर आणि वर दोन अ‍ॅटमॉसचे (वरूनही आवाज येणारी पद्धत), ब्लू-रे प्लेयर, एक स्ट्रीमिंग बॉक्स. टीव्हीतली अ‍ॅप्सही वापरतो, त्यांचा आवाज ईआर्कने (एचडीएमआय केबलमधून टीव्हीचा आवाज उलटा नेणारी सोय) रिसीव्हरला जातो.

त्रास असा की चालू चित्रपटात मधेच आवाज गडप होतो आणि दोनेक सेकंदांनी आपला आपण परत येतो. कधी चित्रही जातं, पूर्ण काळोख. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे हे नेमकं मोक्याच्या क्षणी होतं. दार करकरत उघडतंय, आता काहीतरी दिसणार... आणि गप्प! निवांत संवाद चालू असताना कधी म्हणजे कधी होत नाही. थट्टा नाही, खरंच.

केबल बदलून झाली आहे. चांगली जाडजूड, सर्टिफाइड घेतली. त्यामुळे कृपा करून कोणी केबलचं नाव काढू नका.

रात्रपाळी – शनिवार, रात्री ११:५५

सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा, दहा मिनिटं थांबा, मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर, शेवटी प्लेयर असं चालू करा. माझे निम्मे आजार यानेच बरे झालेत. नुसतं रिमोटने बंद केल्याने यंत्र झोपतं, विसरत नाही. फर्मवेअरही बघून घ्या.

घुमट – रविवार, रात्री १२:२०

केलं. दोनदा केलं. फर्मवेअर सगळ्यांचं ताजं आहे.

तारयंत्र – रविवार, सकाळी ९:०५

घुमट, तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे आजार एकत्र झाल्यासारखे वाटताहेत. ते वेगळे केल्याशिवाय औषध सापडणार नाही. म्हणून आधी हे सांगा:

– फक्त आवाज जातो तेव्हा काय लावलेलं असतं? टीव्हीतलं अ‍ॅप, बॉक्स की डिस्क?
– चित्र जातं तेव्हा आवाजही सोबत जातो का? किती वेळ?
– चित्र जायच्या आधी पडद्यावर बारीक पांढरे ठिपके चमकतात का?
– मधे गोल फिरणारं चाक दिसतं का?

चाक दिसत असेल तर दोष नेटवर्कचा, आणि मग केबल-बिबल सगळं सोडून राउटरकडे जायचं. (बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट अजून १०० मेगाबिटचंच असतं. ४के डिस्कची फाइल घरातल्या सर्व्हरवरून चालवणाऱ्यांना तिथे ठेच लागते, कारण तिचा बिटरेट मधूनच शंभरावर उडी मारतो. अशा वेळी केबल काढून ५ गिगाहर्ट्झ वायफाय लावल्यावर सुरळीत चालतं, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे.)

वेळ मोजणं महत्त्वाचं. पापणी लवेल इतकंच तुटणं वेगळं आणि तीन-चार सेकंद गायब होणं वेगळं. तीन-चार सेकंद लागतात ते दोन यंत्रांना पुन्हा ओळख पटवून घ्यायला. एचडीसीपीचा (कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाचा) कुलूप-किल्लीचा खेळ पहिल्यापासून मांडावा लागतो.

घुमट – रविवार, दुपारी १:३०

नीट आठवून लिहितो.

फक्त आवाज: टीव्हीतल्या अ‍ॅपवर. चित्र अखंड चालू, ओठ हलताहेत, आवाज नाही. दोन सेकंद.

दोन्ही: बॉक्सवर. चार सेकंद काळोख, मग टीव्ही कोपऱ्यात इनपुटचं नाव दाखवतो, जणू आत्ताच चालू केला. ठिपके... हो! मला ते चित्रपटातलंच धूळ-बीळ वाटलं होतं.

डिस्कवर यातलं काहीच नाही. चाक कधीच दिसलं नाही.

खर्जातला_आवाज – रविवार, दुपारी २:१०

मोक्याच्या क्षणी जातो म्हणताय तर उघड आहे की! अशा दृश्यात बास वाढतो, रिसीव्हर जास्त करंट ओढतो, तापतो आणि स्वतःला वाचवायला प्रोटेक्शनमध्ये जातो. स्पीकरच्या वायरचा एखादा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकलाय का बघा. आणि रिसीव्हर कपाटात कोंडला असेल तर त्याच्या डोक्यावर मोकळी जागा ठेवा.

तारयंत्र – रविवार, दुपारी २:४०

खर्जातला, वायर बघायला हरकत नाही, पण प्रोटेक्शनमध्ये गेलेला रिसीव्हर बहुधा बंदच पडतो, लाल दिवा लुकलुकतो. दोन सेकंदांत शहाण्यासारखा परत येत नाही. शिवाय डिस्कवर तर दणदणीत बास असतो, तिथे काहीच होत नाही.

खर्जातला_आवाज – रविवार, दुपारी २:५२

हं. डिस्कचा मुद्दा बरोबर. पण मोक्याच्याच क्षणी का, हे तुम्हीही सांगितलं नाहीत.

तारयंत्र – रविवार, दुपारी २:५५

नाही सांगता येत अजून.

जुनाखोका – रविवार, संध्याकाळी ७:१५

केबलचं नाव काढू नका म्हणालात तरी काढतोच. कोणती केबल बदललीत? कुठून कुठे जाणारी?

घुमट – रविवार, संध्याकाळी ७:४०

बॉक्स ते रिसीव्हर. दीड मीटर.

जुनाखोका – रविवार, संध्याकाळी ७:४२

आणि रिसीव्हर ते टीव्ही?

घुमट – रविवार, संध्याकाळी ८:२०

ती भिंतीत आहे. रिसीव्हर खोलीच्या मागच्या कपाटात, टीव्ही समोर. घराचं काम चाललं होतं तेव्हा पाइपातून १० मीटरची घातली होती. पण ती इतकी वर्षं व्यवस्थित चालली आहे हो. जुना टीव्ही असताना एकदाही त्रास नाही.

जुनाखोका – रविवार, रात्री ९:००

जुना टीव्ही १०८०पी होता, बरोबर? मग सापडलं. निदान अर्धं तरी.

१०८०पी ला सेकंदाला साडेचार गिगाबिटच्या आत काम भागतं. तुमची भिंतीतली केबल त्या काळातली 'हाय स्पीड', म्हणजे १०.२ गिगाबिटची. तिच्यासाठी ते ओझं पिसासारखं. आता नवा टीव्ही ४के. बॉक्सची सेटिंग बघा, मी पैज लावतो की ती ४के, ६० हर्ट्झ, एचडीआर अशी कायमची ठेवलेली असणार. ६० हर्ट्झला ४:२:२ रंगात (रंगाची माहिती किती पाठवायची त्याचं माप, ४:२:० मध्ये ती आणखी कमी) तेच ओझं जवळजवळ १८ गिगाबिट होतं. डिस्कवरचा चित्रपट मात्र सेकंदाला २४ फ्रेमचा, तो ९ ते ११ च्या आसपास राहतो. म्हणून तुमची डिस्क सुखरूप पार होते आणि बॉक्स धडपडतो. त्याच केबलवरून!

आणि ते ठिपके म्हणजे धूळ नव्हे. एचडीएमआय २.० पर्यंतच्या पद्धतीत चित्राच्या बिटांना चूक-दुरुस्तीची सोय नाही. बिट चुकला की तो पिक्सेल चुकीच्या रंगात चमकतो. अशा चुका वाढत गेल्या की ठिपके, मग चमकणाऱ्या रेघा, आणि शेवटी टीव्ही हात टेकतो व काळोख करतो. त्यामुळे 'डिजिटल आहे, एकतर चालेल नाहीतर नाही' हे अर्धसत्य आहे. मधे एक सीमारेषा असते आणि तुमची केबल बरोबर तिच्यावर उभी आहे.

खातरजमा फुकटात होते. बॉक्स १०८०पी वर लावा आणि दोन दिवस बघा. मग ४के पण २४ हर्ट्झ. मग ४के ६० पण ४:२:० रंगात. कुठे बिघडतं ते लिहा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

रात्रपाळी – रविवार, रात्री ९:१०

जुनाखोका +१. मी प्लगच काढायला सांगितला असता.

सहज_आले – सोमवार, सकाळी १०:३०

धाग्यात घुसते, माफ करा. माझे मागचे दोन स्पीकर वायरलेस आहेत आणि तेच मधे मधे टक-टक करत तुटतात. समोरचे ठणठणीत. हा याच जातीचा आजार आहे का?

तारयंत्र – सोमवार, सकाळी ११:१५

नाही, तुमचा रेडिओचा. स्पीकर २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतील तर त्या गल्लीत वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळेच असतात. एक विचारतो: टीव्हीच्या किंवा रिसीव्हरच्या मागे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली आहे का?

सहज_आले – सोमवार, सकाळी ११:२०

आहे! रेकॉर्डिंगसाठी. तुम्हाला कसं कळलं?

तारयंत्र – सोमवार, सकाळी ११:३२

यूएसबी ३ चा गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. डिस्क लांब वायरीने दूर न्या, स्पीकरांचा ट्रान्समीटर तिच्यापासून हलवा. आधी डिस्क नुसती काढून एक संध्याकाळ ऐकून बघा.

सहज_आले – सोमवार, रात्री १०:०५

टक-टक बंद!! एक डिस्क काढली फक्त. मनापासून आभार, आता निघते.

घुमट – बुधवार, रात्री १०:४०

सहज_आले यांचं एका दिवसात निपटलं, मी अजून इथेच. असो.

१०८०पी: दोन दिवसांत एकदाही काळोख नाही. ४के २४: ठीक. ४के ६० ला ४:२:०: ठिपकेही नाहीत. ४:२:२ केलं आणि सामना लावला, वीस मिनिटांत काळोख. जुनाखोका, तुम्ही पैज जिंकलात. सेटिंग खरोखर ६० वर खिळवलेली होती. आता 'मजकुराप्रमाणे फ्रेमरेट' केलंय. चित्रपट सुरू होताना एक-दोन सेकंद काळं होतं, पण तो टीव्ही ६० वरून २४ वर जातोय एवढं मलाही कळतं.

पण टीव्हीतल्या अ‍ॅपवर आवाज जातोच आहे. काल तीनदा. आणि परत तेच, मोक्याच्या क्षणी. आमच्याकडे आता यावर विनोद व्हायला लागलेत.

खर्जातला_आवाज – बुधवार, रात्री १०:५८

प्रसंगानुसार बिटरेट वाढतो, ईआर्कला झेपत नसेल.

तारयंत्र – बुधवार, रात्री ११:१०

ईआर्कची ताकद ३७ मेगाबिट. स्ट्रीमिंगचा अ‍ॅटमॉस आवाज १ मेगाबिटच्याही आत असतो, तो साध्या आर्कवरूनही (ईआर्कची जुनी आवृत्ती) जातो. झेपण्याचा प्रश्न नाही.

काकदृष्टी – गुरुवार, सकाळी ८:०५

इतके दिवस नुसतं वाचत होतो. दोन गोष्टी सुचवतो.

पहिली: जुन्या टीव्हीचा आवाज रिसीव्हरला कसा जायचा? आर्कने की वेगळ्या ऑप्टिकल ऑडिओ केबलने?

दुसरी: वही ठेवा. वेळ, काय चालू होतं, आणि आवाज जाण्याच्या आधीच्या मिनिटात खोलीत काय घडलं. पडद्यावर काय घडलं ते नको. दिवा लावला, पंख्याचा रेग्युलेटर फिरवला, फ्रीज घुरघुरला, कोणी चाललं, काहीही. तुम्ही सगळे सिग्नलच्या आत शोधताय, मला तो बाहेरून येतोय असं वाटतं.

घुमट – गुरुवार, रात्री ११:३०

ऑप्टिकलने. ती केबल अजून पाइपात आहे. आत्ताच परत जोडली. अ‍ॅटमॉस गेला, ५.१ च मिळतं, पण बघतो. वही केली आहे.

घुमट – रविवार, रात्री ११:५०

वाचा आणि हसा.

शुक्रवार, ऑप्टिकल: एकदाही नाही.
शनिवार, ईआर्क: ९:१४, ९:५१, १०:०७, १०:३३. फ्रीज नाही, पंखा-दिवा नाही. चारही वेळा खोलीत एकच गोष्ट घडली: मुलगी उठून उभी राहिली.
रविवार, ईआर्क: दोनदा. दोन्ही वेळा तीच.

तिला थरारक प्रसंग आला की बसवत नाही. उठते, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहते, प्रसंग संपला की बसते. म्हणजे मोक्याच्या क्षणाचं कोडं उलगडलं, पण माझी मुलगी उठल्याने आवाज का जावा? ती विचारतेय की तिच्यावर काही आरोप आहे का.

काकदृष्टी – सोमवार, सकाळी ७:४०

तिला म्हणावं, आरोप खुर्चीवर आहे. चाकांची, गॅसवर वर-खाली होणारी आहे का? आणि ती ठेवता कुठे?

घुमट – सोमवार, सकाळी ८:१५

हो, तिच्या अभ्यासाची. सोफा तिला नको असतो. खुर्ची मागे, कपाटाला टेकून. रिसीव्हरच्या शेजारीच म्हणा ना.

तुम्ही हे गंभीरपणे म्हणताय?

जुनाखोका – सोमवार, सकाळी ९:२०

अगदी गंभीरपणे. मॉनिटरवाल्यांमध्ये हे प्रकरण जुनं आहे: खुर्चीतून उठलं की स्क्रीन क्षणभर काळी. माणूस उठतो, कापड आणि गादी एकमेकांपासून सुटतात, स्थिर वीज साठते, आणि गॅसच्या नळीच्या धातूच्या भागांत बारीकशी ठिणगी पडते. दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण रेडिओ लहरींचा एक छोटा स्फोट होतो. जवळची केबल त्याला अँटेना म्हणून उभीच असते.

आता ईआर्क बघा. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी तो १४ आणि १९ या दोन वापरतो. आणि १९ क्रमांकाची पिन मुळात 'पलीकडे कोणी जोडलेलं आहे का' हे सांगणारी. तिथे धक्का बसला की टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांचा हात सोडतात आणि परत धरतात. तुमचे दोन सेकंद त्यातले असावेत. ऑप्टिकलमध्ये तांबंच नाही, नुसता प्रकाश, म्हणून शुक्रवार शांत गेला.

प्रयोग करा. शांत गाणं लावा, खुर्चीत वीस वेळा उठा-बसा. मग खुर्ची दोन मीटर लांब नेऊन वीस वेळा.

सहज_आले – सोमवार, सकाळी ९:४५

निघते म्हणाले होते पण आता कुठली जाते!

घुमट – सोमवार, रात्री १०:१५

निकाल. कपाटाजवळ: २० पैकी ११ वेळा आवाज गेला. दोन मीटरवर: २० पैकी १. सोफ्यावरून उठून: शून्य. मोजणी मुलीने केली, उठाबशा मी काढल्या. मांड्या भरून आल्यात.

मला हसावं की रडावं कळत नाही. महिनाभर मी रिसीव्हरला शिव्या घातल्या.

आता भिंतीतली केबल बदलायचीच आहे तर ऑप्टिकल एचडीएमआय घालू का? म्हणजे प्रकाशच, दोन्ही आजार एका फटक्यात?

जुनाखोका – सोमवार, रात्री १०:५०

थांबा, इथेच लोक फसतात. बहुतेक ऑप्टिकल एचडीएमआय केबलींत फक्त चित्राचा वेगवान भाग काचेतून जातो. ईआर्क, सीईसी (एका रिमोटने सगळी यंत्रं चालवण्याची सोय) या हळू तारा तांब्याच्याच असतात. म्हणजे काळोखाचा आजार जाईल, खुर्चीचा राहू शकतो. घेताना ईआर्क चालतो असं स्पष्ट लिहिलेली घ्या, काहींत तो नसतोच.

आणि त्या केबलला दिशा असते. एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून दोन दिवस चालवून बघा. घातल्यावर उलटी निघाली तर काय होतं ते मला विचारा. वायर ओढायच्या स्प्रिंगला केबलची वायर बांधा, कनेक्टरच्या मानेवर ताण नको. आणि जुनी केबल काढतानाच तिच्या शेपटाला एक दोरी बांधून ओढा, ती पाइपात राहू द्या. पुढच्या वेळी आठवण काढाल.

काकदृष्टी – मंगळवार, सकाळी ७:५०

आणि रिसीव्हरमध्ये त्या इनपुटला 'एन्हान्स्ड' किंवा तशा नावाची सेटिंग असते, ती नवी केबल आल्यावर तपासा. ती साधीवर असेल तर १८ गिगाबिटची केबल असूनही बॉक्स कमीच पाठवेल.

घुमट – पुढचा रविवार, रात्री ११:२०

झालं. ऑप्टिकल घातली. पाइपात दोन वळणं आहेत, दुसऱ्यावर अर्धा तास अडली होती. जमिनीवर चाचणी केली ते बरं झालं, कारण पहिल्यांदा मी उलटीच जोडली होती. ४के ६० ला ४:२:२, एचडीआर, सबंध सामना: काळोख नाही, एक ठिपका नाही.

खुर्ची कपाटाजवळ ठेवून परत वीस उठाबशा: ४ वेळा आवाज गेला. जुनाखोका म्हणाले तसंच. खुर्ची अभ्यासाच्या खोलीत परत गेली. काल-आज दोन चित्रपट झाले, आवाज अखंड, अ‍ॅटमॉससकट.

एक बारीक गोष्ट राहिली होती. मेन्यूत फिरताना रिसीव्हर टिक करायचा आणि पुढचा अर्धा सेकंद गप्प. तो बिघाड नव्हता. मेन्यूची टिकटिक एका फॉर्मॅटमध्ये, चित्रपट दुसऱ्यात, आणि रिसीव्हर दर वेळी कुशी बदलायचा. मेन्यूचे आवाज बंद केले.

मुलगी आता सोफ्यावर बसते. थरारक प्रसंग आला की अजूनही उठते, आणि सोफा पुढे असल्यामुळे थेट टीव्हीसमोर उभी राहते. त्यामुळे आवाज उत्तम, पण चित्र मात्र मोक्याच्या क्षणी जातंच.

रात्रपाळी – पुढचा रविवार, रात्री ११:२६

यावर प्लग काढायचा उपाय लागू नाही, हे मान्य.